फोटोचा साइज बदलण्याचा योग्य क्रम: वेबसाइट, सोशल मीडिया आणि छपाईसाठी

पोस्टर छापून येतं आणि फोटो फाटलेला, म्हणजे धूसर आणि ठिपकेदार दिसतो. वेबसाइटवर एकेक फोटो रांगत उघडतो. पोस्ट टाकल्यावर कडेला उभ्या असलेल्या माणसाचं अर्धं डोकं कापलं गेलेलं असतं. या तिन्ही तक्रारींच्या मुळाशी बहुतेक वेळा दोनच चुका असतात: पायऱ्या उलटसुलट क्रमाने केलेल्या असतात, किंवा एकदा तयार केलेली फाइल सगळीकडे वापरलेली असते.

फोटोशॉप वापरा, गिम्प वापरा किंवा फोनमधलं अॅप वापरा. मेन्यूंची नावं बदलतील, क्रम बदलणार नाही. पहिले सात टप्पे प्रत्येक फोटोला लागू आहेत. त्यानंतरचे टप्पे फोटो कुठे जाणार त्यानुसार निवडायचे.

## १. फोटो उघडण्याआधी मोजमाप लिहून काढा

फोटो नेमका कुठे जाणार आहे ते ठरवा आणि चार गोष्टी कागदावर लिहा: रुंदी-उंची (स्क्रीनसाठी पिक्सेलमध्ये, छपाईसाठी मिलिमीटर किंवा इंचात), फाइलचा प्रकार, केबी-एमबीची मर्यादा असल्यास ती, आणि रंग आरजीबी (स्क्रीनचे) हवेत की सीएमवायके (छपाईच्या चार शायांचे).

‘आधी फोटो तयार करू, साइजचं मग बघू’ असं केलं की काम दोनदा करावं लागतं. फोटो कुठे कापायचा हेच मुळात या मोजमापावर ठरतं. एकच फोटो वेबसाइट, इन्स्टाग्राम आणि पोस्टर अशा तीन ठिकाणी जाणार असेल, तर तीन वेगळ्या फाइली होणार हे आताच मान्य करा.

## २. मूळ फाइल मिळवा

निम्मं काम इथेच बिघडतं. व्हॉट्सअॅपवरून नेहमीसारखा फोटो म्हणून आलेली फाइल मूळ नसते. पाठवतानाच तिचे पिक्सेल कमी झालेले असतात आणि ती दाबून लहान केलेली असते. ज्याच्याकडे मूळ फोटो आहे त्याला तो डॉक्युमेंट म्हणून, ईमेलने किंवा ड्राइव्हच्या लिंकने पाठवायला सांगा. स्क्रीनशॉटही चालत नाही, कारण त्यात फक्त स्क्रीनवर दिसलेले पिक्सेल येतात, फोटोतले सगळे नाहीत.

फाइल आली की प्रॉपर्टीजमध्ये जाऊन पिक्सेल बघा. आजच्या साध्या फोनचा फोटोही ४००० × ३००० च्या आसपास असतो. तिथे १२०० × ९०० दिसलं, तर मधल्या वाटेत कुणीतरी तो लहान केला आहे.

मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि तिच्यावर कधीच सेव्ह करू नका. काम प्रतीवर करायचं. दर वेळी नवी प्रत मूळ फाइलवरूनच काढायची. इन्स्टाग्रामसाठी केलेली १०८० पिक्सेलची फाइल ताणून पोस्टरवर लावायची नाही.

तपासा: फोटो वेगळ्या प्रोग्रॅममध्ये उघडल्यावर आडवा पडतो का? फोन बऱ्याचदा फोटो प्रत्यक्ष फिरवत नाही, ‘हा उभा दाखवा’ एवढी नोंद फाइलमध्ये ठेवतो. काही प्रोग्रॅम ती नोंद वाचत नाहीत. तसं असेल तर कामाला लागण्याआधी फोटो फिरवून सरळ साठवा.

## ३. पिक्सेल आणि डीपीआयचा गुंता आधी सोडवा

‘फोटो ३०० डीपीआयचा पाठवा’ ही मागणी सगळीकडे ऐकू येते, आणि सगळ्यात जास्त गैरसमजही तिच्याचभोवती आहेत. म्हणून इथे थोडं थांबू.

डिजिटल फोटोचा खरा आकार एकच असतो: आडवे किती पिक्सेल आणि उभे किती. डीपीआय ही फाइलसोबत ठेवलेली नुसती एक नोंद आहे: छापताना एका इंचात किती पिक्सेल बसवायचे. ३००० × २००० पिक्सेलचा फोटो घ्या. नोंद ३०० असेल तर तो १० × ६.६७ इंच छापला जाईल. ७२ असेल तर सुमारे ४१.७ × २७.८ इंच. फोटो दोन्ही वेळा तोच आणि पिक्सेलही तेवढेच. स्क्रीनवर ही नोंद कुणी विचारतच नाही, त्यामुळे ‘वेबसाठी ७२ डीपीआय’ करून फोटो हलकाही होत नाही आणि लहानही होत नाही.

आता चूक कशी होते ते पाहा. फोटो ६०० पिक्सेल रुंद आहे आणि नोंद ७२ ची आहे. कुणीतरी फोटोशॉपच्या ‘इमेज साइज’मध्ये ७२ च्या जागी ३०० लिहून ओके करतं. ‘रीसॅम्पल’च्या (पिक्सेलांची संख्याच बदलायच्या) चौकटीत टिक असेल, तर ६०० पिक्सेल ताणून २५०० केले जातात. नवे १९०० पिक्सेल शेजारच्या पिक्सेलांवरून अंदाजाने भरलेले असतात. फाइल जड होते, फोटो मऊ पडतो, आणि कागदोपत्री मात्र तो ‘३०० डीपीआय’ झालेला असतो. टिक काढून तोच आकडा लिहिला, तर पिक्सेल ६०० च राहतात आणि प्रोग्रॅम खरं सांगतो: हा फोटो ३०० डीपीआयला फक्त २ इंच रुंद छापता येईल.

छपाईला फोटो पुरेल का हे एका गुणाकारात कळतं: छापायची रुंदी इंचात × ३००. मोजमाप मिलिमीटरमध्ये असेल तर आधी २५.४ ने भागा. ए४ कागद २१० × २९७ मिमी, म्हणजे २४८० × ३५०८ पिक्सेल. ६ × ४ इंचाची प्रिंट म्हणजे १८०० × १२००.

सावधान: लांबी आणि रुंदी दोन्ही निम्म्या केल्या की पिक्सेल निम्मे नाही, पाव होतात. ‘५० टक्के’ लिहिताना हे लक्षात ठेवा.

## ४. आधी क्रॉप (कापणं), मग रिझाइज (आकार बदलणं)

फोनचा फोटो साधारणपणे ४:३ प्रमाणात असतो, मोठ्या कॅमेऱ्यांचा बहुधा ३:२. पोस्ट, स्टोरी, छापील कागद यांची प्रमाणं आणखी वेगळी. प्रमाण जुळत नसताना थेट रुंदी-उंची लिहिली, तर दोनपैकी एक होतं: माणसं चपटी किंवा लांबुळकी होतात, नाहीतर समोरचं यंत्र आपल्या मर्जीने कडा कापतं. म्हणून कापायचं काम स्वतः करा आणि ते आधी करा.

४००० × ३००० चा आडवा फोटो ६ × ४ इंचावर छापायचा आहे असं धरा. ६ × ४ म्हणजे ३:२. रुंदी पूर्ण ठेवली तर उंची २६६७ पिक्सेलच उरते. वरून-खालून मिळून ३३३ पिक्सेल जाणार, म्हणजे उंचीचा नववा हिस्सा. ग्रुप फोटोत मागच्या रांगेची डोकी वरच्या कडेला टेकलेली असली, तर यंत्राने मधोमध कापताना नेमकी तीच जातात. तुम्ही कापलंत तर सगळं खालून घेता येतं: पाय थोडे जातात, चेहरे राहतात.

क्रॉपच्या टूलमध्ये प्रमाण लिहायची जागा असते. तिथे ३:२, ४:५, १६:९ असं प्रमाणच लिहा, पिक्सेल लिहू नका. काही प्रोग्रॅममध्ये पिक्सेल लिहिले की क्रॉप आणि रिझाइज एकदमच होतात, आणि फोटो ताणला गेला का हे कळतही नाही.

तपासा: कापून झाल्यावर उरलेले पिक्सेल पहिल्या टप्प्यात लिहिलेल्या आकड्याहून जास्त आहेत का? कमी असतील तर क्रॉप सैल करा, छापायचा आकार कमी करा किंवा दुसरा फोटो घ्या. पुढे ढकलू नका.

## ५. रिझाइज: एकदाच, थेट हव्या त्या आकड्यावर

रुंदी-उंचीमधली साखळी (प्रमाण कायम ठेवणारं चिन्ह) जोडलेली आहे ना, ते बघा. मग एकच बाजू लिहा. दुसरी आपोआप आली पाहिजे आणि तुमच्या कागदावरच्या आकड्याशी जुळली पाहिजे. एखाद-दुसऱ्या पिक्सेलचा फरक चालतो. जास्त फरक आला तर चूक क्रॉपमध्ये आहे, मागे जा. साखळी तोडून आकडा बसवणं हा उपाय नव्हे.

पिक्सेल कसे मोजायचे याची पद्धत प्रोग्रॅमने विचारली तर फोटोसाठी बायक्युबिक किंवा लँक्झोस निवडा. निअरेस्ट नेबर फक्त पिक्सेल आर्टसारख्या कडक कडांच्या चित्रांना, तेही दुप्पट-तिप्पट अशा पूर्ण पटीत मोठं करताना. फोटोवर ती लावली की तिरप्या रेषांना पायऱ्या पडतात.

‘इमेज साइज’ आणि ‘कॅन्व्हास साइज’ यांत गल्लत करू नका. कॅन्व्हास बदलला की फोटो तेवढाच राहतो. भोवती मोकळी जागा वाढते किंवा कडा कापल्या जातात.

मोठं करण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: शक्यतो करू नका. दीडपटीपर्यंत बहुतेक फोटो कसेबसे निभावतात, पुढे मऊपणा लपत नाही. एआयने मोठं करणारी साधनं डोंगर, झाडं, भिंती यांवर चांगलं काम करतात. पण ती नसलेला तपशील रचून भरतात. लहान चेहऱ्याला वेगळेच डोळे येऊ शकतात आणि पाटीवरची अक्षरं अक्षरांसारखी दिसूनही वाचता येत नाहीत. ओळखीच्या माणसांच्या आणि कागदपत्रांच्या फोटोंवर ती वापरू नका.

फोटोवर मजकूर टाकायचा असेल तर तो रिझाइज झाल्यानंतर टाका. देवनागरीला याचा फटका जास्त बसतो. मोठ्या फोटोवर ठळक दिसणारा अनुस्वार चौथ्या हिश्शावर आल्यावर एखाद-दोन पिक्सेलांचा करडा ठिपका होतो, शिरोरेघ दोन पिक्सेलांत वाटली जाऊन धुरकट दिसते, आणि ‘क्ष’, ‘द्ध’ यांसारखी जोडाक्षरं बुजतात. अंतिम आकारावर लिहिलेला मजकूर मात्र तिथल्याच पिक्सेलांवर बसतो.

## ६. शार्पन सगळ्यांत शेवटी

लहान करताना थोडा कुरकुरीतपणा जातो, तो परत आणायला हलकं शार्पन (कडा ठळक करणं) लागतं. आधी शार्पन करून मग लहान केलं तर ती मेहनत बरीचशी वाया जाते. स्क्रीनसाठी ‘अनशार्प मास्क’ या शार्पनच्या टूलमध्ये रेडियस (कडेभोवती किती अंतरापर्यंत परिणाम व्हायचा तो आकडा) अर्ध्या पिक्सेलच्या आसपास पुरतो. छपाईसाठी तो एक-दीडपर्यंत न्यावा लागतो, कारण शाई कागदावर थोडी पसरते. स्क्रीनवर किंचित जास्त वाटणारं शार्पन कागदावर बरोबर दिसतं.

तपासा: झूम १०० टक्के करून बघा. केसांभोवती किंवा इमारतीच्या कडेला पांढरी रेघ दिसली तर शार्पन जास्त झालं. ३३ किंवा ६७ टक्के झूमवर काहीही ठरवू नका. तिथे दिसतो तो प्रोग्रॅमने तात्पुरता लहान केलेला फोटो.

## ७. साठवताना: प्रकार, क्वालिटी, रंग

फोटोला जेपेग. लोगो, तक्ते, स्क्रीनशॉट आणि पारदर्शक पार्श्वभूमी यांना पीएनजी. वेबसाइट तुमच्या हातात असेल तर वेबपी. तेवढ्याच दर्जाची फाइल जेपेगपेक्षा सहसा हलकी होते. पारदर्शक पीएनजी जेपेग म्हणून साठवलात तर पारदर्शक भाग पांढरा किंवा काळा होतो.

जेपेग ८ × ८ पिक्सेलच्या चौकोनांत काम करतो आणि दर वेळी साठवताना थोडी माहिती टाकून देतो. उघड, बदल, सेव्ह, पुन्हा उघड असं चार-पाचदा झालं की अक्षरांभोवती डास बसल्यासारखे ठिपके येतात. काम चालू असताना प्रोग्रॅमच्या स्वतःच्या प्रकारात किंवा टिफमध्ये साठवा. जेपेग शेवटी, एकदाच काढा.

स्क्रीनसाठी क्वालिटी ७५ ते ८५ पुरते, छपाईसाठी ९० च्या वर ठेवा. हा आकडा म्हणजे टक्के नव्हेत. वेगवेगळ्या प्रोग्रॅममधलं ८० सारखं नसतं, त्यामुळे एका ठिकाणचा आकडा दुसरीकडे आंधळेपणाने नेऊ नका.

स्क्रीनवर जाणारा फोटो एसआरजीबी या स्क्रीनच्या नेहमीच्या रंगप्रकारात बदलून साठवा आणि प्रोफाइल (रंग कसे वाचायचे याची नोंद) फाइलसोबत राहू द्या. अॅडोब आरजीबी या दुसऱ्या रंगप्रकारातला फोटो प्रोफाइल गळून अपलोड झाला की रंग फिके पडतात. चेहऱ्यांवर ते लगेच जाणवतं.

सावधान: फोनच्या फोटोत तो कुठे काढला त्याचे अक्षांश-रेखांश असू शकतात. घरात काढलेला फोटो स्वतःच्या वेबसाइटवर टाकताना किंवा फाइल म्हणून पाठवताना ही माहिती काढून टाका.

## ८. वेबसाइटसाठी

फोटोची जागा पानावर किती रुंद आहे ते बघा आणि त्याच्या दुप्पट पिक्सेल ठेवा. लेखाचा रकाना ८०० चा असेल तर फोटो १६०० रुंद. दुप्पट अशासाठी की आजच्या फोन-लॅपटॉपच्या दाट स्क्रीन पानावरच्या एका पिक्सेलच्या जागी आडवे दोन, कधी तीन पिक्सेल वापरतात. दुपटीच्या पुढे डोळ्याला फरक जवळजवळ दिसत नाही, वजन मात्र वाढत जातं. लेखातला फोटो २००-३०० केबीच्या आत बसवायचा प्रयत्न करा.

सहा हजार पिक्सेलचा फोटो अपलोड करून रुंदी फक्त कोडमध्ये ८०० लिहिली, तर वाचकाला पूर्ण फाइल उतरवावीच लागते. वर्डप्रेस ५.३ आवृत्तीपासून २५६० पिक्सेलपेक्षा मोठ्या फोटोची लहान प्रत आपोआप करतं. पण मूळ फाइल सर्व्हरवर जागा अडवून बसतेच, आणि क्रॉप-शार्पन काही ते करत नाही. रुंदी-उंचीचे आकडे कोडमध्ये लिहा, म्हणजे फोटो उतरेपर्यंत त्याची जागा राखून राहते आणि वाचता वाचता मजकूर खाली उडी मारत नाही.

## ९. सोशल मीडियासाठी

इथे तुमची फाइल पुन्हा दाबली जाणार हे धरूनच चाला. आपल्या हातात एवढंच आहे की पिक्सेल नेमके त्यांच्या मापाचे द्यायचे, म्हणजे निदान रिझाइज तरी त्यांना करावा लागत नाही. आणि क्वालिटी ८५ ते ९० ठेवायची, म्हणजे आधीच खूप दाबलेली फाइल पुन्हा दाबली जात नाही.

इन्स्टाग्रामची उभी पोस्ट १०८० × १३५०, चौकोनी १०८० × १०८०, स्टोरी १०८० × १९२०. २०२५ पासून प्रोफाइलवरच्या ग्रिडमध्ये चौकोनाऐवजी ३:४ चे उभे तुकडे दिसतात, त्यामुळे ४:५ च्या पोस्टच्या डाव्या-उजव्या कडा तिथे थोड्या झाकल्या जातात. मजकूर कडेला चिकटवू नका. स्टोरीत वर नाव आणि खाली उत्तराची पट्टी येते. वर-खाली निदान २५०-३०० पिक्सेल मोकळे सोडा.

यूट्यूबचा थंबनेल १२८० × ७२०. उजव्या खालच्या कोपऱ्यावर व्हिडिओची वेळ येते, तिथे अक्षरं ठेवू नका. फेसबुकवर लिंक टाकल्यावर दिसणारं चित्र १२०० × ६३०. फेसबुक पेजचं कव्हर कॉम्प्युटरवर ८२० × ३१२ दिसतं आणि फोनवर ६४० × ३६०. दोन्हींचं प्रमाण वेगळं आहे, म्हणून महत्त्वाचं सगळं मधोमध ठेवा.

तपासा: टाकल्यावर पोस्ट फोनवरही बघा आणि कॉम्प्युटरवरही. ही मापं कंपन्या बदलत असतात. मोठ्या कामाआधी त्यांच्या मदतीच्या पानावर एकदा खात्री करून घ्या.

## १०. ऑनलाइन अर्जासाठी

फोटो २०० × २३० पिक्सेल आणि ५० केबीच्या आत मागितला आहे असं समजा. लोक आधी केबीमागे लागतात, फोटो दाबून दाबून चेहरा ओळखू येईनासा करतात आणि पिक्सेल तसेच राहतात. उलट करा: प्रमाणात क्रॉप, मग २०० × २३० ला रिझाइज, मग क्वालिटी ९० ला साठवून वजन बघा. एवढ्या लहान फोटोचं वजन बहुतेक वेळा तिथेच मर्यादेत येतं. नसेल तर पाच-पाचने क्वालिटी उतरवा. किमान वजनाचीही अट असेल आणि फाइल त्याहून हलकी होत असेल, तर क्वालिटी १०० कडे न्या. पिक्सेल वाढवू नका.

सहीचा फोटो असेल तर पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने केलेली सही उजेडात टिपा आणि सहीला लागून क्रॉप करा. कागदाचा मोठा मोकळा भाग ठेवून रिझाइज केलं की सही केसासारखी बारीक होते आणि अर्ज परत येतो.

## ११. छपाईसाठी

छापणाऱ्याला आधी विचारा: कापल्यानंतरचा अंतिम आकार किती, ब्लीड किती, रंग कोणते, फाइल कोणत्या प्रकारात. फोटो प्रिंट करणाऱ्या लॅबना बहुधा एसआरजीबी जेपेग हवा असतो. ऑफसेटला (प्लेटवरून होणाऱ्या छपाईला) बहुधा पीडीएफ आणि सीएमवायके. सीएमवायकेसाठी कोणतं प्रोफाइल वापरायचं ते कळल्याशिवाय स्वतः रंग बदलू नका. आरजीबीतला झगझगीत निळा आणि पोपटी हिरवा शाईत येतच नाही, तो कुठल्याही मार्गाने मंदच होणार. गिऱ्हाइकाला हे आधीच दाखवून ठेवा.

ब्लीड म्हणजे कापताना इकडेतिकडे होईल म्हणून कडेच्या बाहेर वाढवलेला फोटो, सहसा चारही बाजूंना ३ मिमी. ए४ चं पान मग २१६ × ३०३ मिमी होतं, ३०० डीपीआयला २५५१ × ३५७९ पिक्सेल. हा वाढीव भाग क्रॉप करतानाच धरावा लागतो. घट्ट क्रॉप करून नंतर फोटो ताणून ब्लीड भरली, तर ब्लीडही निसटते आणि प्रमाणही.

मांडणीच्या प्रोग्रॅममध्ये फोटो ओढून मोठा करताना डीपीआय गुपचूप उतरतो. १८०० पिक्सेलचा फोटो ६ इंचाच्या चौकटीत ३०० ला बसतो. तीच चौकट १२ इंच केली की १५०. इनडिझाइनच्या लिंक्स पॅनेलमध्ये ‘इफेक्टिव्ह पीपीआय’ (चौकटीत बसवल्यावर एका इंचात पडणारे पिक्सेल) असा आकडा असतो, पाठवण्याआधी प्रत्येक फोटोचा तो वाचा.

सगळ्याच छपाईला ३०० लागत नाही. दहा फूट बाय चार फुटांच्या फ्लेक्सला ३०० धरलं तर ३६,००० × १४,४०० पिक्सेल होतात, म्हणजे ५१ कोटींच्या वर. अशी फाइल उघडतानाच मशीन हात टेकतं. फ्लेक्स काही फुटांवरून बघितला जातो, तिथे ७२ ते १०० पुरतात. ७२ ला तोच फ्लेक्स ८६४० × ३४५६ होतो. मात्र तोच बोर्ड हाताच्या अंतरावर, टेबलामागे लावायचा असेल तर आकडा दीडशेच्या पुढे न्या.

फोटोवरचा मजकूर फोटोत मिसळून जेपेग करू नका. पीडीएफमध्ये तो वेगळा, अक्षरांच्याच रूपात राहू द्या आणि बारीक काळा मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवा. फोटोत मिसळलेली काळी अक्षरं सीएमवायके करताना चार शायांत वाटली जातात. प्लेट केसभर सरकली तरी वेलांट्या-मात्रांच्या कडांना रंगीत झालर येते.

शेवटची तपासणी कागदावर होते. मोठी संख्या छापायची असेल तर एक प्रूफ (छापील नमुना) मागवा. मोठ्या पोस्टरचं पूर्ण प्रूफ परवडत नसेल, तर चेहरा किंवा सगळ्यात बारीक मजकूर असलेला ए४ एवढा तुकडा खऱ्या मापात, म्हणजे १०० टक्क्यांवर, छापून घ्या. घरच्या प्रिंटरवर हे करत असाल तर ‘फिट टू पेज’ बंद करा, नाहीतर तुकडा लहान होऊन छापला जाईल आणि फाटलेला फोटोही त्यात चांगला दिसेल. पोस्टर जेवढ्या अंतरावरून बघितलं जाणार तेवढ्या अंतरावर तो तुकडा भिंतीला लावा, तिथून बघा, आणि मगच छपाईला होकार द्या.